घरची मोटार आणि तिची शुश्रूषा

कृष्णाकाठच्या मुलुखास यंत्राचे वावडे कधीच नव्हते. सन १९१० मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंधच्या अधिपतींनी दिलेल्या माळावरील निवडुंग काढून किर्लोस्करवाडी वसविली. १९१६ साली ओगले बंधूंनी कऱ्हाडाजवळ काचेचा कारखाना उभारला. १९२२ साली साताऱ्यास धनजीशा कूपर ह्यांनी आपला कारखाना काढला व पुढे डिझेल एंजिनांपर्यंत मजल नेली. (हेच कूपर १९३७ मध्ये काही महिने मुंबई इलाख्याचे मुख्य प्रधान होते, हे पुष्कळांच्या स्मरणात नसेल.) सांगलीस १९४७ साली एंजिनिअरिंग कॉलेज निघाले, तेच आजचे वालचंद कॉलेज. १९७५ साली स्थापन झालेल्या कंपनीच्या साताऱ्याच्या कारखान्यातून 'प्रिया' स्कूटरी बाहेर पडू लागल्या, तेव्हा त्या मिळविण्यासाठी नंबर लावून बसलेली मंडळी आज आजोबा झाली आहेत. असा हा प्रांत. येथील माणूस हातात पाना धरावयास लाजत नाही. तरीही घरच्या मोटारीचे बॉनेट उघडले की आज घरातील चारही कर्ते पुरुष हाताची घडी घालून नुसते पाहात उभे राहतात, हे दृश्य आता घरोघरचे झाले आहे.

ह्यात त्यांचा दोष नाही. 'पद्मिनी' किंवा 'अँबॅसडर' गाडीत कार्बुरेटर असे, प्लग असत, पॉइंट असत. सकाळी गाडी सुरू न झाल्यास पॉलिश-कागदाचा एक तुकडा आणि थोडा धीर एवढ्यावर काम भागे. आजच्या गाडीत पेट्रोल किती सोडावयाचे व ठिणगी केव्हा पाडावयाची ह्याचा निर्णय एक संगणक करतो. धुराविषयीचे 'भारत स्टेज सहा' हे कडक नियम १ एप्रिल २०२० पासून लागू झाले, त्यानंतर तर धुराच्या नळीतही यंत्रे आणि संवेदके येऊन बसली आहेत. गाडीची नाडी पाहावयाची ती बोटांनी नव्हे, तर स्टिअरिंगखालच्या एका खाचेत तार जोडून, पडद्यावर. तो पडदा ज्याच्याजवळ, तो वैद्य. म्हणून नवी गाडी घेतली, की ज्या शोरूममधून ती घेतली त्याच्या वर्कशॉपात तिला नेमाने नेणे ओघानेच आले. हे नेणे आपण डोळसपणे करतो काय, एवढाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

प्रथम वेळापत्रक पाहू. बहुतेक कंपन्या पहिल्या तीन सर्व्हिसिंगांस मजुरी घेत नाहीत. पहिली महिन्याने अथवा हजार किलोमीटरांनी, दुसरी सुमारे सहा महिन्यांनी व तिसरी वर्षाने, असा सर्वसाधारण क्रम असतो. 'मोफत' ह्या शब्दाचा अर्थ येथे नीट लावावयास हवा. मजुरी मोफत असते, ऑइल व फिल्टर ह्यांची किंमत द्यावीच लागते. पुढे दर वर्षी अथवा दर दहा हजार किलोमीटरांनी, 'जे आधी येईल ते', असा नियम पुष्कळ कंपन्यांच्या पुस्तिकेत आढळतो. ह्या 'जे आधी येईल ते' शब्दांकडे वडीलधाऱ्या मंडळींचे हमखास दुर्लक्ष होते. मुले पुण्यास किंवा परदेशी आणि घरी दोघे वृद्ध, अशा घरातील गाडी वर्षाकाठी दोन-अडीच हजार किलोमीटरही चालत नाही. "गाडी जागेवरच असते, मग ऑइल खराब कसे होईल?" असा प्रश्न मला कित्येकांनी विचारला आहे.

त्याचे उत्तर असे. एंजिनात पेट्रोल जळते तेव्हा त्यातून पाण्याची वाफ होते. ही वाफ व थोडे न जळलेले पेट्रोल ऑइलात उतरत असते. गाडी तासभर चालली, एंजिन चांगले तापले, म्हणजे ते उडून जाते. परंतु विश्रामबागेतून गणपतीच्या दर्शनास जाऊन परत, किंवा समर्थ मंदिरापासून पोवई नाक्यापर्यंत भाजीस जाऊन परत, एवढ्याच फेऱ्या करणाऱ्या गाडीचे एंजिन पुरते तापतच नाही. तिच्यातील ऑइल अधिक चालणाऱ्या गाडीपेक्षा लवकर बिघडते. डिझेल गाडीस तर दुसरीही पीडा आहे. नव्या डिझेल गाड्यांत धुरातील काजळी अडविणारी गाळणी असते. ती काजळी जाळून टाकण्यास गाडी काही वेळ सलग, बऱ्या वेगाने चालावी लागते. गल्लीतल्या गल्लीत फिरणाऱ्या डिझेल गाडीची गाळणी तुंबते आणि तो खर्च लहान नसतो. अशांनी महिन्यातून एकदा महामार्गाने कऱ्हाडापर्यंत जाऊन यावे. गाळणीही साफ होईल आणि प्रीतिसंगमाचे दर्शनही घडेल.

आता वर्कशॉपात शिरू. तेथे प्रथम भेटतो तो सर्व्हिस ॲडव्हायझर, स्वच्छ सदऱ्यातला, हातात टॅब घेतलेला, बहुधा नम्र असा तरुण. तो गाडीभोवती एक फेरी मारतो, ओरखडे टिपतो, किलोमीटरचा आकडा व पेट्रोलचा काटा पाहतो आणि आपणास विचारतो, "काही कंप्लेंट?" आपण सांगतो, तो लिहितो, आपण सही करतो, गाडी आत जाते. ह्या कागदास जॉबकार्ड म्हणतात. माझ्या मते सर्व्हिसिंगचे निम्मे यश ह्या कागदावर अवलंबून असते आणि आपण सर्वांत कमी लक्ष देतो तेही ह्याच कागदाकडे.

कारण येथे ऐकणारा वेगळा व हात घालणारा वेगळा. आत काम करणारा मेकॅनिक आपणास कधीच भेटत नाही. आपली व्यथा त्याच्यापर्यंत पोचते ती केवळ त्या दोन ओळींतून. रोग्याचे म्हणणे एकाने ऐकावे, दुसऱ्याने लिहावे आणि रोग्यास न पाहता तिसऱ्याने औषध द्यावे, अशी ही व्यवस्था आहे. आपण पाच मिनिटे वर्णन करून सांगितले, की वळण घेताना पुढच्या चाकातून कट्कट् असा आवाज येतो, तोही फक्त डावीकडे वळताना, तोही स्टिअरिंग पूर्ण फिरविल्यावर. कागदावर काय उतरते? 'पुढील बाजूस आवाज, चेक करणे.' ह्या वाक्यात डावे गेले, वळणे गेले, पूर्णपणे फिरविणेही गेले. मेकॅनिक गाडी सरळ रेषेत अंगणात फिरवितो, त्यास आवाज ऐकू येत नाही आणि संध्याकाळी 'आवाज आढळला नाही' असा शेरा मिळतो. वास्तविक, पूर्ण वळणावर येणाऱ्या त्या कट्कटीवरून ॲक्सलच्या बाहेरील सांध्याकडे जाणत्याचे लक्ष तत्काळ गेले असते.

चाळीस वर्षे मुलांस वाक्यरचना शिकविल्यामुळे असेल, पण मला ही गोष्ट फार खटकते. माझा प्रघात असा, की घरूनच एका कागदावर तक्रारी स्वच्छ अक्षरात लिहून नेतो व त्या तशाच जॉबकार्डावर उतरविण्याचा आग्रह धरतो. लिहिताना दोन पथ्ये पाळतो. एक, लक्षण लिहावे, निदान लिहू नये. 'क्लचप्लेट गेली आहे' असे लिहिले, तर क्लचप्लेट बदलली जाईल व दोष तेथे नसल्यास तो राहीलच, शिवाय बिल आपल्या शब्दानुसार होईल. 'चढावर ॲक्सिलरेटर दाबता एंजिनाचा आवाज वाढतो, परंतु वेग वाढत नाही' असे लिहावे. दुसरे, काळ व परिस्थिती लिहावी. गाडी थंड असताना की तापल्यावर, रस्ता कोरडा असताना की पावसात, कोणत्या गिअरमध्ये, किती वेगाला. शक्य असल्यास मेकॅनिकला शेजारी बसवून एक फेरी मारावी. पुष्कळ वर्कशॉपांतून ही सोय आहे, पण मागितल्यावाचून मिळत नाही.

येथे भगिनींच्या वतीने एक शब्द लिहितो. आमच्या सूनबाई स्वतः गाडी चालवितात, स्वतःच सर्व्हिसिंगला नेतात. तक्रार त्यांनी सांगावी, फोन नंबर त्यांचा लिहावा आणि दुपारी खर्चाची मंजुरी विचारण्यास फोन यावा तो आमच्या चिरंजीवांस, असे एकदा नव्हे, तीनदा झाले. गाडीस रोज हात लावणारी व्यक्ती एक आणि विचारणा दुसऱ्यास! चौथ्या खेपेस त्यांनी जॉबकार्डावर, आपल्याखेरीज कोणाचीही मंजुरी ग्राह्य धरू नये, असे लिहवून घेतले. तेव्हापासून हा प्रकार थांबला.

आता बिल. ह्यात दोन प्रकारच्या गोष्टी एकत्र मिसळलेल्या असतात. काही कंपनीच्या पुस्तिकेत सांगितलेल्या आणि काही वर्कशॉपाने सुचविलेल्या. ऑइल, ऑइल फिल्टर, एअर फिल्टर, ठराविक काळाने प्लग, कूलंट, ब्रेक ऑइल, हे पुस्तिकेतील. एंजिनाचे 'डीकार्बनायझिंग', एसीचे निर्जंतुकीकरण, आतील बैठकीस पॉलिश, खालून लेप, रंगावर चकाकी, हे बहुधा सुचविलेले. सुचविलेले सर्व निरुपयोगी असते असे माझे म्हणणे नाही. कोकणात वरचेवर जाणाऱ्या गाडीस खालचा लेप उपयोगी पडतो. परंतु त्या नम्र तरुणास दरमहा ह्या गोष्टींच्या विक्रीचे उद्दिष्ट दिलेले असते, हे आपण ध्यानात ठेवलेले बरे. अंदाजपत्रक हाती आले की एकच प्रश्न विचारावा, "ह्यातील पुस्तिकेत लिहिलेले कोणते?" आणि पुस्तिका आपण बरोबर नेलेली असावी. ती बहुतेकांच्या गाडीत कोऱ्या स्थितीत, प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद असते.

त्या पुस्तिकेत मागील बाजूस एक कोष्टक असते. त्यात प्रत्येक वस्तूपुढे, प्रत्येक वर्षाच्या रकान्यात, एकेक रोमी अक्षर छापलेले असते. बहुधा 'आय' म्हणजे नुसते तपासणे व 'आर' म्हणजे बदलणे. पाणिनीच्या सूत्रांत एका अनुबंधाच्या अक्षरावर शब्दाचे सारे रूप अवलंबून असते, त्याची आठवण ज्यांनी कौमुदी घोकली आहे त्यांस येथे झाल्यावाचून राहणार नाही. हा एका अक्षराचा फरक केवढ्यावर येतो, हे मी जवळच्या घरात पाहिले आहे.

माझे साडू सांगलीस असतात. दोन वर्षांपूर्वी डिसेंबरात ते कुटुंबासह गुहागरास कुलदैवत व्याडेश्वराच्या दर्शनास निघाले. गाडी पाच वर्षांची, दर वर्षी न चुकता अधिकृत वर्कशॉपात गेलेली, त्याही खेपेस निघण्यापूर्वी दहा दिवस सर्व्हिसिंग होऊन आलेली. कऱ्हाड, पाटण, कोयनानगर करून कुंभार्ली घाट उतरू लागले. चालविणारे त्यांचे चिरंजीव. शेजारी साडू आणि मागे त्यांच्या पत्नी, सून व ऐंशी वर्षांच्या मातोश्री. पुढे उसाच्या मळीचा टँकर, त्यामुळे ब्रेक सारखा दाबलेला. पोफळीच्या बऱ्याच अलीकडे एका वळणावर ब्रेकचे पेडल मऊ लागले आणि पुढच्या वळणावर पार तळाला गेले. मुलाने प्रसंगावधान राखून गिअर खाली आणला, हँडब्रेक थोडा थोडा ओढला आणि गाडी दरीच्या बाजूस न नेता डोंगराकडील गटारात घातली. पुढचा बंपर फुटला. माणसांस खरचटलेही नाही.

पुढे जे झाले ते अधिक चमत्कारिक. अर्ध्या तासाने पाहतात तो पेडल पूर्ववत् कठीण! जणू काही झालेच नव्हते. पहिल्या गिअरमध्ये रांगत ते चिपळुणास पोचले. तेथील एका साध्या गॅरेजवाल्याने बॉनेट उघडून ब्रेक ऑइलच्या डबीचे झाकण काढले. फिकट पिवळे असावयाचे ते द्रव्य कोऱ्या चहासारखे काळपट झाले होते. "हे कधी बदललं होतं?" त्याने विचारले. कोणास ठाऊक नव्हते. परत आल्यावर पाचही वर्षांची बिले काढून पाहिली. सुगंधाची बाटली, एसीची फवारणी, बैठकीचे ड्रायक्लीनिंग, सर्व काही होते. ब्रेक ऑइल एकदाही नव्हते. जॉबकार्डावर मात्र दर वर्षी त्यापुढे 'तपासले' अशी खूण! डबीत पातळी बरोबर आहे, एवढेच तपासले गेले होते. वर्कशॉपात गाडी नेली, तेव्हा 'ब्रेकमध्ये दोष आढळत नाही' असे उत्तर मिळाले. ते खरेही होते, कारण चिपळूणच्या माणसाने ऑइल बदलून दिले होते.

ह्याची मीमांसा सोपी आहे. ज्यास आपण ब्रेक ऑइल म्हणतो ते ऑइल नव्हेच. ते निराळ्या जातीचे रसायन असून हवेतील ओलावा शोषून घेणे हा त्याचा स्वभाव आहे. झाकण कितीही घट्ट असो, रबरी नळ्यांतूनही ओल हळूहळू आत येते. 'डॉट चार' ह्या प्रतीचे नवे द्रव्य किमान २३० अंश सेल्सियसपर्यंत उकळू नये असा दंडक आहे. त्यात सुमारे पावणेचार टक्के पाणी शिरले, म्हणजे हीच मर्यादा १५५ अंशांवर येते. 'डॉट तीन' प्रतीचे आकडे २०५ व १४० असे आहेत. सपाट रस्त्यावर एवढी उष्णता होत नाही, म्हणून सांगली-मिरज फेऱ्या करणाऱ्यास वर्षानुवर्षे काही जाणवत नाही. घाटात ब्रेक सतत दाबलेला राहिला, की चकत्या तापतात, ती उष्णता द्रव्यास पोचते आणि त्यातील पाण्याची वाफ होते. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते. म्हणून पायाचा जोर चाकापर्यंत न पोचता त्या वाफेतच जिरतो. थंड झाल्यावर वाफेचे पुन्हा पाणी होते आणि पुरावा नाहीसा होतो. पुष्कळ कंपन्यांच्या कोष्टकात दर दोन वर्षांनी ह्या ओळीत 'आर' असतो. ज्यांस पसरणीचा घाट, यवतेश्वर, आंबा किंवा कुंभार्ली हे नेहमीचे आहेत, त्यांनी सर्व्हिसिंगच्या दिवशी ही एक ओळ बोट ठेवून विचारावी. ह्यास येणारा खर्च त्या सुगंधाच्या बाटलीहून फार नसतो. उतारावर गाडी ज्या गिअरने चढविली असती त्याच गिअरने उतरवावी, हा जुन्या ड्रायव्हरांचा नियमही मुलांस शिकवून ठेवावा.

हा प्रकार ऐकून पुष्कळजण म्हणतील, मग अधिकृत वर्कशॉप सोडून कोपऱ्यावरचे गॅरेज काय वाईट? प्रश्न रास्त आहे. मिरजेत तंबोऱ्याच्या घोडीवर दोरा सरकवून जवारी लावणारा कारागीर (तेथील सतार व तंबोऱ्यास २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले) ज्याप्रमाणे कानाने काम करतो, त्याप्रमाणे लांब स्क्रूड्रायव्हरचे टोक एंजिनास व मूठ कानास लावून नेमकी व्याधी सांगणारे मेकॅनिक आपल्या गावोगावी होते व थोडे आजही आहेत. परंतु त्यांची अडचण कौशल्याची नाही, साधनांची आहे. अस्सल सुटे भाग व गाडीच्या संगणकाशी बोलणारी साधने कंपन्या बाहेर मिळू देत नसत. ह्याविरुद्ध एका ग्राहकाने २०११ साली केलेल्या तक्रारीवरून भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी निकाल दिला व चौदा मोटार कंपन्यांस मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपये दंड ठोठावला. प्रकरण पुढे अपिलात गेले. आपल्या दृष्टीने दंडाहून महत्त्वाचा भाग त्या आदेशातील निर्देशांचा आहे. सुटे भाग व साधने खुल्या बाजारात उपलब्ध करावीत, आणि बाहेर दुरुस्ती केली एवढ्यावरून सरसकट वॉरंटी रद्द करू नये, त्या बाहेरील सदोष कामामुळे जेवढे नुकसान झाले तेवढ्यापुरतीच ती नाकारता यावी, असे आयोगाने म्हटले. पुढे २०२२ च्या जुलैत केंद्र सरकारच्या ग्राहक खात्याने 'दुरुस्तीच्या हक्का'विषयी समिती नेमली, तिच्या कक्षेतही मोटारी आहेत.

तथापि वॉरंटीच्या मुदतीत तरी मी अधिकृत वर्कशॉपच पसंत करीन. हक्क कागदावर असणे निराळे व काउंटरवर मिळणे निराळे. ही मुदतही अलीकडे वाढली आहे. मारुतीने जुलै २०२४ पासून ती दोन वर्षांवरून तीन वर्षे अथवा एक लाख किलोमीटर केली. मुदत संपल्यावर ऑइल, ब्रेकपॅड, बॅटरी अशी ठराविक कामे ओळखीच्या चांगल्या गॅरेजकडे आणि संगणकाची, एअरबॅगची, गिअरबॉक्सची कामे अधिकृत ठिकाणी, अशी वाटणी साताऱ्यातील माझे पुष्कळ स्नेही करतात. ती मला शहाणपणाची वाटते.

सांगलीकरांस एक गोष्ट निराळी सांगावयास हवी. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांवर गेली. धोक्याची खूण ४५ फुटांची आहे. जुलै २०२१ मध्ये ती पुन्हा सुमारे ५५ फुटांपर्यंत आली. दोन्ही वेळी दारातल्या गाड्या जागच्या जागी बुडाल्या. अशा गाडीचे पाणी ओसरल्यावर घरातील कोणीतरी उत्साहाने किल्ली फिरवून 'चालू होते का' हे पाहतो आणि दुरुस्तीचा खर्च कित्येक पटींनी वाढवून ठेवतो. एंजिनात हवेच्या वाटेने शिरलेले पाणी दाबले जात नाही, दट्ट्या वर येताना त्यावर आपटतो आणि त्याचा दांडा वाकतो. साध्या सर्वसमावेशक विम्यात पुराचे नुकसान भरून मिळते. परंतु बुडालेले एंजिन चालू केल्याने झालेले नुकसान विमा कंपन्या बहुधा अमान्य करतात, त्यासाठी एंजिन संरक्षणाचे जादा कलम घ्यावे लागते. नदीकाठच्या पेठांत राहणाऱ्यांनी ते अवश्य घ्यावे. किल्लीस हात न लावता छायाचित्रे काढावीत, विमा कंपनीस कळवावे, जाणत्याकडून बॅटरीची तार काढवावी व गाडी ओढूनच न्यावी. जुनी गाडी विकत घेणाऱ्यांनीही गालिचा उचलून व सुटे चाक काढून त्याखाली गाळाचा थर आहे काय, हे पाहावे.

दुसरी गोष्ट उसाच्या मुलुखाची. पेट्रोलात वीस टक्के इथेनॉल मिसळण्याचे धोरण २०२५ मध्ये पुरे झाले. कृष्णा-वारणा खोऱ्यातील साखर कारखान्यांस त्याचा आधार आहे, तेव्हा आपल्याच शिवारातील ऊस आपल्या टाकीत येतो असे म्हणावयास हरकत नाही. परंतु एप्रिल २०२३ पूर्वीच्या गाड्या सामान्यतः ह्या मिश्रणासाठी बनविलेल्या नाहीत. त्यांचे ॲव्हरेज थोडे उतरते आणि इंधनाच्या रबरी नळ्या व वायसर लवकर झिजण्याचा संभव असतो. अशा गाडीच्या जॉबकार्डावर 'इंधनाच्या नळ्या तपासणे' ही ओळ आपण होऊन घालावी.

बिल देताना कराचा रकानाही पाहावा. पुष्कळ सुट्या भागांवर पूर्वी २८ टक्के जीएसटी असे. २२ सप्टेंबर २०२५ पासून तो १८ टक्क्यांवर आला आहे, मजुरीवर तो १८ टक्केच होता. बदललेले जुने भाग मागून घ्यावेत. ते नेणे आपल्या मर्जीवर, पण दाखवावयास सांगणे हा आपला अधिकार आहे. सेवेत उघड कुचराई झाली व वर्कशॉप दाद देत नसेल, तर १९१५ ह्या राष्ट्रीय ग्राहक क्रमांकावर तक्रार नोंदविता येते. त्याने भागले नाही तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जिल्हा आयोग आहेच. पाच लाख रुपयांपर्यंतच्या दाव्यास तेथे शुल्क लागत नाही. मात्र तेथेही प्रथम विचारला जातो तो जॉबकार्डाचा कागद, आणि त्यावर आपली तक्रार कोणत्या शब्दांत लिहिली आहे ते.

एकत्र कुटुंबातील मोटारीची एक खास अडचण असते. ती सर्वांची असते, म्हणून तिचा इतिहास कोणाजवळच नसतो. बॅटरी थोरल्याने बदलली, टायर धाकट्याने घातले, पुण्यास असताना पुतण्याने कोठेतरी क्लच टाकला आणि विमा नात ऑनलाइन भरते. आमच्या घरी ह्यासाठी दोनशे पानी वही घातली आहे. तारीख, किलोमीटर, काय केले, कोठे, किती रुपये, असे पाच रकाने. टायर व बॅटरीच्या पावत्या मागील पानांवर चिकटविल्या आहेत. ज्याने किल्ली घेतली त्याने नोंद करावी, हा नियम मुलांनी प्रथम थट्टेवारी नेला. साडूंच्या कुंभार्लीच्या प्रसंगानंतर वहीत पहिली नोंद झाली ती ब्रेक ऑइलची, आणि त्यापुढे चिरंजीवांनी आपण होऊन दोन वर्षांनंतरची तारीख लाल शाईने लिहून ठेवली आहे.